मळीत मळी

भूपाल आण्णांचा फोन आला तेव्हा गुणमालाक्का वरच्या माळावर उन्हात छत्री धरून उभ्या होत्या. "आली गं मळी! सहाच्या सहा खेपा खाली झाल्या. पण..."

नवऱ्याच्या 'पण'ला आक्का तीस वर्षं ओळखून होत्या. "कुठं खाली झाल्या? मी माळावर उभी हाय. हितं पाटीभरसुद्धा न्हाई."

"मळीत," आण्णा म्हणाले आणि त्यांच्याकडची रेंज गेली. नेमकी तेव्हाच कशी जाते, हा आक्कांचा जुना प्रश्न होता.

आता पलूसकडं एका शब्दाला तीन पोरं. उसाचा रस गाळला की कारखान्यात जो काळा गाळ उरतो, ती मळी. रानाला खत म्हणून एक नंबर. कृष्णेच्या काठचं गाळाचं रान, तीही मळी. आणि जिच्यापासून दारू होते ती तिसरी. तिचं नाव या जैन घरात कुणी काढत नसे. काठच्या मळीत हळद कुजायला लागली, पुराचं पाणी कंदात चार-चार दिवस थांबायला लागलं, तेव्हा आक्कांनी ठरवलं: यंदा हळद माळावर. पण माळ म्हणजे नुसता मुरूम. पावसानं आठ दिवस दडी मारली की तापलेला तवा. त्यात ओल धरायची तर कारखान्याची मळी हवी. तिच्यासाठी सहा महिन्यांपासून नंबर लावलेला. आणि ती येऊन पडली पुराच्या वाटेवर! जुलैत पाणी चढलं की खत नदीत, आणि नदी खालच्या गावांच्या नळात.

आक्का काठावर पोचल्या तेव्हा ड्रायव्हर सिद्धू ट्रॉलीचं फळकं लावत होता.

"व्हय रं सिद्धू, पुराच्या रानात कोण खत टाकतं?"

"आवं आक्का, मला काय ठावं? चिठ्ठी बघा की." त्यानं खिशातला कागद काढला. मालाचा तपशील: मळी. टाकायचे ठिकाण: मळी. अक्षर आण्णांचं, वळणदार.

आण्णा मोटारसायकलवरून उतरले. "मला वाटलं, कारखानावाले एकच गोष्ट दोनदा विचारत्यात. सरकारी कागद असतोयच तसा."

"'माळ' ल्ह्यायला किती शाई लागती वं?"

सिद्धूनं हसू दाबलं. परत भरून द्यायला त्याला वेळ नव्हता, पुढच्या नंबराला गाडी द्यायची होती. परवापासून पाऊस सांगितलेला. एक सर पडली की या काळ्या वाटेत ट्रॅक्टर आसापर्यंत रुतणार. म्हणजे हातात उद्याचा एकच दिवस.

आक्कांनी तिथूनच धनाजीला बोलावलं. त्याची वीटभट्टी माळाच्या रस्त्यावर, लोडर-ट्रॅक्टर त्याचे, आणि काठच्या मातीवर त्याचा चार वर्षं डोळा.

"धनाजी, पाण्याच्या मोटारीच्या खोलीपाशी पुरानं टाकलेला गाळ हाय न्हवं? तेवढा तुला. आमची मळी माळावर टाकून दे."

"आक्का, तुमी आन् माती देणार?" धनाजीनं आभाळाकडं बघितलं. "पाऊस लवकर येणार म्हणायचा."

"देतीया तर घे. लय सोन्यासारखी माती हाय, जिवावर येतंय माझ्या."

सौदा जुळत आला होता. तेवढ्यात आण्णांचा चेहरा उजळला. "घे रं गड्या! न्हाईतरी ती काढायला आमी जेसीबी सांगणारच हुतो. मोटारच काढता येईना गाळातनं."

सिद्धूनं गाडी सुरू करायची थांबवली. पुढचं ऐकायला मिळणार होतं.

"असं व्हय," धनाजी म्हणाला. "मग मीच तुमची घाण काढणार की! तसं असंल तर मळीची एक खेप माझ्या उसाला."

आक्कांनी नवऱ्याकडं बघितलं. आण्णा चिठ्ठी वाचायला लागले, जणू तिच्यात आणखी काही सापडणार होतं.

"ने," आक्का म्हणाल्या. "पण उद्या दिवस मावळायच्या आत पाच खेपा माळावर दिसल्या पाहिजेत."

दिसल्या. पाचवी पडली आणि पश्चिमेकडून गार वारं सुटलं. आक्का ढिगांमधून चालत गेल्या. खत पुरणार तिथवर काठीनं रेघ ओढली. रेघेपलीकडं सहाव्या हिश्श्याचा मुरूम उघडाच राहिला होता.

"एवढ्या तुकड्यात हळद न्हाई करायची काय?" आण्णांनी जपून विचारलं.

"करायची. पाचटानं झाकून, म्हंजे ओल टिकती. शेजारच्या भरतेशच्या उसाचं पाचट पडून हाय, तो पेटवायच्या आत आणायचं."

"मग मी जातो की आत्ता मागायला!"

"मागायला मी जाते," आक्का म्हणाल्या. "तुमी गाडी हाका. आन् तिथं गेल्यावर खाली उतरू नका."