तळाचं पाणी

“उपस गो कुबरे, उपस! तळाला पाणी ठेवून होडी हाकू कशी?”

हा आवाज बावाचा, तिच्या बापाचा, दाभोळच्या खाडीवरचा. कुबरा तेव्हा एवढीशी होती. फ्रॉक गुडघ्यांवर गोळा करून होडीच्या तळाशी उकिडवी बसायची, हातात नारळाची करवंटी. फळ्यांच्या सांध्यांतून पाणी झिरपायचं, ते करवंटीत भरायचं आणि खाडीचं खाडीला परत द्यायचं. हात दुखून ती थांबली की बावा वल्ह्याच्या ठेक्यावर गायला लागायचा.

उपस गो बाय, तळाचं पानी,
पैलतिरी उबी तुजी गो नानी.
नानीच्या ओटीत खोबऱ्याची वडी,
हलकी झाली तर धावंल होडी.

बावा गेला. होडी कुणी नेली, देव जाणे. आणि तो आवाज आज इतक्या वर्षांनी कानाशी आला तो खाडीपासून किती लांब! रियाधच्या अल सुलै भागातल्या गोदामांच्या धुळीत, चाकांवरच्या घरात बसलेली असताना.

“संडासाची टाकी भरली गो!” स्टिअरिंगवरून तिचा नवरा ताजुद्दीन ओरडला. “अजून मक्का कुठंच्या कुठं आहे आणि टाकी भरली!”

“मग ओरडता काय? मी एकटीने भरली काय?”

कॅरव्हॅन त्यांची नव्हती. मिशारीची होती. अबकैकच्या तेलाच्या प्लँटवर ताजुद्दीनच्या खुर्चीत आता तो सौदी पोरगा बसणार होता, आणि त्याला ते काम शिकवलं होतं ताजुद्दीननेच. कंपनीने सांगितलं, ह्या जागा आता सौदींना. खलास. शेवटच्या दिवशी मिशारी गळ्यात पडून रडला आणि घरच्या कॅरव्हॅनची किल्ली हातात ठेवून म्हणाला, “अम्मी, उमरा करून या. आरामात जा.” अरबीत अम्मी म्हणजे काका. पण हे ऐकून कुबरा दर वेळी हसायची. एवढ्या दाढीमिशांची अम्मी!

उमरा, म्हणजे मक्केची छोटी यात्रा, करायचा, अल-खोबरचा फ्लॅट रिकामा करायचा आणि गावी जायचं, असं ताजुद्दीनने ठरवून टाकलं होतं. “तू माझ्यामागं इकडं आलीस,” तो म्हणायचा, “रात्रपाळ्या करून पाय सुजवलेस. आता तुला घरी नेतो. अंगणात खुर्ची टाकून बस. मी चहा करून आणीन.” हे बोलताना त्याचा चेहरा असा उजळायचा, जणू लपवून ठेवलेला दागिनाच तो तिच्या ओंजळीत घालतोय.

म्हणून कुबराच्या तोंडून ते निघत नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी, ती नर्स होती त्या हॉस्पिटलच्या मेट्रनने तिला बोलावलं होतं. कुबराचा करार वाढवायचा होता, डायलिसिस वॉर्डची इनचार्ज म्हणून. “नवऱ्याचा इकामा, इथं राहायचा परवाना, तुझ्या नावावर घेऊ आपण,” मेट्रन म्हणाली होती. “बुधवारी संध्याकाळपर्यंत हो की नाही, फोनवर सांग.” आज बुधवार होता.

यार्डचं मोठं लोखंडी फाटक उघडलं. आत कॅरव्हॅनच कॅरव्हॅन, उन्हाळाभर झोपायला आणून ठेवाव्यात तशा ओळीने उभ्या. मिशारीचीही कधीकधी इथंच असायची. फोनवरून त्याने सांगितलं होतं, तिथं कोपऱ्यात टाकी रिकामी करायची जागा आहे, माझं नाव सांगा.

राखणदार केबिनमधून आला. डोक्याला मफलर, पायात स्लिपर. त्याने हिंदीतून विचारलं, ताजुद्दीनने हिंदीतून सांगितलं, आणि मग मागे वळून ताजुद्दीन म्हणाला, “कुबरे, उतर गो, मागं बघ.”

राखणदार जागच्या जागी उडाला. “आवो, तुमी कोकणातले?”

“दाभोळकडचे. तुम्ही?”

“संगमेश्वर! कमलाकर नाव माझं.” आणि त्याने असा हात हातात घेतला की सुटेचना. “पण टाकी भरली म्हणता, निघालात कधी?”

“परवा निघालो.”

“परवा?” कमलाकर पोट धरून हसला. “साहेब, ह्या गाड्या कागदवाल्यांसाठी बनवलेल्या. ते आठवडा काढतात. आपण टमरेलवाले!”

कुबराने तोंडाला ओढणी लावली, पण खांदे हलायचे ते हललेच. मग ती मागे जाऊन उभी राहिली. “या... या... डावीकडं घ्या... अजून या... बस्स!” धक्क्याला होडी लावावी तशी तिने गाडी लावून घेतली. जमिनीत झाकणाचं भोक होतं, बाजूला नळ. ताजुद्दीनने हातमोजे चढवले, जाड नळी टाकीला जोडली, दुसरं टोक भोकात घातलं आणि “बिस्मिल्ला” म्हणून दांडी ओढली. नळी थरथरली, घुरघुरली. दोघांनी माना वळवल्या.

“आता दुसरी,” तो म्हणाला. आंघोळीच्या, भांड्यांच्या पाण्याची टाकी वेगळी असते. ती मागाहून सोडायची, म्हणजे तिच्या पाण्याने नळी धुऊन निघते. त्याने दुसरी दांडी ओढली. नळीतून चूळभर पाणी आलं आणि थांबलं.

“हे काय?”

कुबरा त्याच्याकडे बघत राहिली. मग दोघांच्याही एकदमच लक्षात आलं.

वाटेत वाळवंटात मुक्काम होता. आंघोळीला दोघांनी सुट्टी दिली होती, भांडी वाळूने घासली होती. आणि वजूचं, नमाजाआधी हातपाय धुतल्याचं पाणी? ते घाणीच्या वाटेने जाऊ नये म्हणून निघतानाच ताजुद्दीनने बेसिनखालचा पाइप काढून तिथं एक कॅन ठेवला होता. ते पाणी झाडाला घालायचं. दोघांच्याही घरी असंच होतं. त्याची आई दगडावर बसून वजू करायची आणि पाणी थेट माडाच्या आळ्यात जायचं.

“चांगलं पाणी सगळं बाजूला काढून ठेवलं गो मी,” ताजुद्दीन हातमोज्यांकडे बघत म्हणाला. “आता हे धुवायला काय उरलंच नाय.”

कुबराला वाटलं, हे कुणीतरी आपल्यालाच म्हणालं.

नळ सोडला, तर तोही नुसता फुसफुसला. कमलाकर म्हणाला, “टँकर तिसऱ्या प्रहरी, अस्रच्या नमाजानंतर येतो. थांबा, नाहीतर कॅनचं पाणी ओता.”

“वजूचं? ह्या नळीत?” ताजुद्दीनने कानाला हात लावला. “आणि अशीच गुंडाळूनही नाय ठेवणार. पोराने विश्वासाने गाडी दिलीय.”

“मग चहा घ्या.”

केबिनच्या सावलीला अर्ध्या कापलेल्या पिंपात एक कडुनिंब होता, कमरेएवढा. कुबराने कॅन उचलून आणला आणि त्याच्या मुळाशी हळूहळू रिता केला. माती सुरसुर करत पाणी प्यायली. कमलाकर कपबशा घेऊन दारात थबकला. “घाला घाला, ताई. इथं माझ्याआधी त्याला तहान लागते.”

चहा पिताना ताजुद्दीन गावाबद्दल बोलत राहिला. परसात माड लावणार, कुंपणाच्या वईला मिरी चढवणार, एक छोटी होडी घेणार. त्याचे हात हवेत ओळी आखत होते. “हिचा बावा होडीवाला होता. हिला खाडीत फिरवीन.”

“आणि ताईंची नोकरी?”

“सोडणार. खूप झालं.”

कुबराने बशीतला चहा निवायच्या आधीच ओठाला लावला.

“इथं एक सोलापूरचे आहेत,” कमलाकर सांगू लागला. “बाई डॉक्टर आहेत. साहेबांची नोकरी गेली, तर ते बाईंच्या इकाम्यावर राहिले.”

ताजुद्दीन मोठ्याने हसला. “म्हणजे बायको कफील, नवऱ्याची हमीदार! शिंकायला पण सही लागत असेल!”

“हसू नका. कारल्याची भाजी अशी करतात, मी डबा चाटून पुसून पाठवतो.” कमलाकर कपबशा उचलून आत गेला.

ताजुद्दीनचं हसू थोडा वेळ एकटंच राहिलं. मग तेही गेलं. कुबराने पर्समधल्या फोनवर हात ठेवला. वॉर्डमधली मशीनं तिला दिसली. रक्त बाहेर येऊन, धुऊन, परत आत जाणारी. दर आठवड्याला “सिस्टर कुबरा कुठं आहे” म्हणून हाक मारणारी म्हातारी पेशंट, सगळे जिला हज्जा म्हणत, ती दिसली. हिला आता कोण समजावणार? आणि समोर हा माणूस, जो तिच्यासाठी अंगणात खुर्ची टाकायला निघाला होता. त्याला नाही म्हणावं तर त्याचा दागिना मातीत पडत होता. हो म्हणावं तर आपण स्वतःच.

अस्रची बांग झाली. दोघांनी पिण्याच्या बाटलीतलं थोडं थोडं पाणी घेऊन कडुनिंबाच्या पिंपावरच वजू केली. केबिनमागे चटई अंथरून नमाज झाली. तेवढ्यात टँकर आला आणि नळाला एकदम धार सुटली, जोराची, खळखळाट करणारी.

“यल्ला कुबरे, धर टोक!”

तिने हातमोजे घातले. नळीचं एक तोंड तिच्या हातात, दुसरं भोकात. ताजुद्दीन पाणी सोडत होता. आधी गढूळ गेलं, मग फिकं, मग नुसतं पाणी. त्याने नळी वर उचलून आतून उजेड पाहिला, मुलाचे कान बघावेत तसा.

“साफ झाली,” तो म्हणाला, आणि पाणी बंद न करताच उभा राहिला. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, “गाडीत बसल्यापासून तू काहीतरी पोटात घेऊन बसलीयस. मी विचारत नव्हतो. उमऱ्याला जाताना तुला रडवू नये म्हणून.”

पाणी वाहत होतं. खाडीवरून आवाज येत होता, वल्ह्याच्या ठेक्यावर, उपस गो बाय, उपस.

“रडणार नाय मी.” तिने हातमोजे काढले, ओले, उलटे. “अवो, हॉस्पिटल माझा करार वाढवतंय. डायलिसिसची इनचार्ज करतायत. आज संध्याकाळी हो-नाय सांगायचंय. मला घरी नाय जायचं. अजून नाय. माड नंतर लावू आपण. माझ्या इकाम्यावर राह्याल तुम्ही?”