आधी किल्ली, मग डबा

चष्मेवाल्यांनी आणि त्यांच्या बायकोनं ती लांबलचक डोंगरवाट जवळजवळ सगळी जोडीनं चालून काढली होती, पण जोडीनं असं एक पाऊलही टाकलं नव्हतं. हे कुणाला सांगितलं की तो आधी हसायचा आणि मग गोंधळायचा. मग बाई त्याला बसवून नीट समजावून सांगायच्या. त्यांना त्याची सवयच होती. बस स्टँडच्या काचेच्या खोलीत बसून त्या माईकवरून गाड्यांची घोषणा करायच्या, आणि कुठली गाडी कुठल्या फलाटावर हे एकदा सांगून कुणाला कळत नसतं, अशी त्यांची पक्की खात्री होती.

गोष्ट साधी होती. ती वाट एका डोंगररांगेच्या माथ्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची. सलग चालायची तर महिना-दीड महिना हवा, आणि एवढी रजा ना बस स्टँड देणार, ना चष्म्याचं दुकान. म्हणून दोघांनी तिचे टप्पे पाडले. सुट्टीच्या दिवशी एक टप्पा, संध्याकाळी घरी. पण टप्पा संपला की माणूस एका टोकाला आणि गाडी दुसऱ्या टोकाला, ही त्यातली गोम होती. त्यावर चष्मेवाल्यांनी तोडगा काढला. घरात दोन जुन्या गाड्या होत्याच. त्यांनी एक घेऊन या टोकाला जायचं, बाईंनी दुसरी घेऊन त्या टोकाला. समोरासमोर चालत यायचं, मध्यावर भेटायचं, डबा खायचा, किल्ल्या बदलायच्या आणि आपापल्या दिशेनं पुढे निघायचं. संध्याकाळी ते बाईंच्या गाडीतून घरी आणि बाई त्यांच्या गाडीतून.

"म्हणजे संसारच की," जावई एकदा म्हणाला होता. "जेवायला तेवढे एकत्र." जावई पडला, म्हणून त्याला कुणी काही बोललं नाही.

एकदाच काय तो घोटाळा झाला होता. लेकीच्या लग्नाचा हॉल कुठला घ्यायचा यावरून दोघांची मध्यावर जुंपली, दोघंही फणकाऱ्यानं निघाले आणि किल्ल्या बदलायच्या राहून गेल्या. संध्याकाळी बाई त्यांच्या गाडीपाशी स्वतःची किल्ली घेऊन उभ्या, ते बाईंच्या गाडीपाशी स्वतःची किल्ली घेऊन उभे, आणि मध्ये अख्खा डोंगर. घरी यायला दोघांनाही दुधाच्या टेम्पोवाल्यांच्या हातापाया पडावं लागलं. त्या काळी किल्लीची आठवण करून द्यायला नंबर लावलेले होते, एका टप्प्याला त्यांचा, पुढच्याला बाईंचा. त्या दिवशी नंबर कुणाचा होता, यावरून सुरू झालेलं भांडण लेकीचं लग्न होऊन तिची मुलं शाळेत जायला लागली तरी मिटलं नव्हतं. "नंबर तुझा होता," ते म्हणायचे. "नंबर तुमचा होता," बाई म्हणायच्या. शेवटी लेकीनं जेवणाच्या टेबलावर या विषयाला बंदी घातली. नियम मात्र तेव्हापासून कायमचा झाला. भेटल्याबरोबर आधी किल्ली, मग डबा. आणि जो आधी पोचेल त्यानं दुसरा येईपर्यंत जागेवरून हलायचं नाही.

आता शेवटचे दोन-तीन टप्पे उरले होते. त्या दिवशी सकाळी चष्मेवाल्यांनी नेहमीप्रमाणे ब्रेडचा डबा भरला, बाईंनी थर्मासात कॉफी ओतली. दाराजवळच्या खिळ्यांवर दोन किल्ल्या लटकत होत्या. चष्मेवाले त्यांच्यासमोर जरा जास्तच वेळ उभे राहिले. "मुहूर्त बघताय का?" बाईंनी विचारलं. ते हसले आणि त्यांनी आपली किल्ली काढून घेतली. बाईंच्या मनात काही आलं नाही. गेल्या आठवड्यात त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या चष्म्यात डावी काच उजवीकडे बसवली होती, तेव्हाही आलं नव्हतं. उभ्या आयुष्यात अशी चूक न केलेला माणूस, पण वय झालं की होतं, असं म्हणून दोघांनी ते हसण्यावारी नेलं होतं.

टप्पा चढाचा होता. भेटायची जागा म्हणजे एक खिंड, तिच्यात बसायला एक सपाट खडक, त्यावर वाटेची पिवळी खूण. बाई धापा टाकत वर पोचल्या तेव्हा चष्मेवाले आधीच येऊन बसले होते. डबा मांडीवर, झाकण न उघडलेला. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं.

"हरले बाई," म्हणत बाईंनी पाठपिशवी खाली टाकली.

चष्मेवाले अदबीनं उठून उभे राहिले. "नमस्कार. या, बसा ना. त्या बाजूनं आलात का? चढ भारी आहे, नाही?"

बाईंना हसू आलं. या माणसाच्या अंगात नाटक फार. एकदा असाच वनखात्याचा साहेब होऊन त्यानं त्यांच्याकडे परवाना मागितला होता आणि बाई खरंच पिशवी उचकायला लागल्या होत्या. या वेळी त्या फसणार नव्हत्या.

"नमस्कार," त्या आवाज बदलून म्हणाल्या. "एकटेच का?"

"छे हो. बायको येतेय तिकडून. तुम्हाला वाटेत दिसली असेल. नारिंगी टोपी आहे तिची."

नारिंगी टोपी बाईंच्या डोक्यावर होती. त्या खुदकन हसल्या. "दिसली होती एक. फार सुंदर होती."

"मग दुसरी कुणी असेल," चष्मेवाले गंभीरपणे म्हणाले, आणि बाईंना इतकं हसू लोटलं की त्यांनी खडकाला हात टेकला. सोंग उत्तम वठलं होतं. चेहऱ्यावरची रेष हलत नव्हती. "बरी आहे दिसायला," ते पुढे म्हणाले. "बोलते फार. पण ती नसली की घर खायला उठतं. आमचं ठरलेलं आहे, आधी येईल त्यानं थांबायचं. येईलच एवढ्यात."

"आणि नाही आली तर?"

"येते ती. ती न आल्याचं कधी झालेलं नाही." ते वाटेकडे बघत राहिले. मग जरा पुढे झुकून खालच्या आवाजात म्हणाले, "तुम्ही काही तिच्या ओळखीच्या नाही, म्हणून सांगतो. एकदा आम्ही किल्ल्या बदलायच्या विसरलो. केवढा घोळ झाला. मी अजून तिला म्हणतो, नंबर तुझा होता. पण नंबर माझाच होता हो. मला त्याच संध्याकाळी आठवलं होतं. आता इतकी वर्षं भांडल्यावर कुठल्या तोंडानं सांगू? तुम्हाला भेटली तर बोलू नका."

बाईंचं हसू जागच्या जागी थिजलं.

चष्मेवाल्यांनी थट्टेत सगळं केलं असतं. भूत झाले असते, साहेब झाले असते, बायकोला अनोळखी बाई म्हणून खडकावर बसवून कॉफी पाजली असती. पण हे त्यांनी थट्टेतसुद्धा कबूल केलं नसतं. हे सोंग नव्हतं. समोरचा माणूस खरोखरच त्यांना ओळखत नव्हता, आणि इतका वेळ त्या हसत होत्या.

"अहो," त्या म्हणाल्या. "अहो, मीच ती. ही बघा टोपी. माझ्याकडे बघा ना नीट."

त्यांनी बघितलं. चष्मा सरळ करून, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघावं तसं लक्षपूर्वक. "तुमचा आवाज मात्र ओळखीचा वाटतो," ते म्हणाले. "बस स्टँडवर ऐकलाय का मी?"

बाईंनी त्यांचा हात धरला. लग्नाचं साल सांगितलं, लेकीचं, नातवंडांचं, दुकानाच्या शटरचं, जे तोंडाला येईल ते सांगितलं. माईकवर कधी एक शब्द न अडखळणारी ती बाई वेड्यासारखी बोलत सुटली. आणि बोलता बोलता त्यांना दिसलं की चष्मेवाले हळूच हात सोडवून घेतायत, मागे सरकतायत. त्यांच्या डोळ्यांत भीती होती. त्यांना बाईंचीच भीती वाटत होती.

"ताई, तुमचा काहीतरी गैरसमज होतोय," ते म्हणाले. "तुम्हाला बरं वाटत नाहीये का? माझी बायको येऊ दे, ती बघेल तुमचं."

बाई खाली बसल्या. रडू येत नव्हतं, काहीच येत नव्हतं. फोन काढून बघितला, खिंडीत रेंज नव्हतीच. एकटीनं खाली जाऊन कुणाला बोलावून आणायचं, तर हा माणूस इथे राहील याचा भरवसा काय? आणि याला घेऊन जायचं, तर हा बायकोची वाट बघत असताना आपल्याबरोबर येणार कसा? तो तर हलणार नव्हता. हलायचं नाही असा नियम दोघांनी मिळून केला होता, आणि बायको विसरला तरी तो माणूस नियम विसरला नव्हता.

किती वेळ त्या तशाच बसल्या कुणास ठाऊक. ढग खिंडीत उतरायला लागले. आता इथे थांबण्यात शहाणपण नव्हतं. थंडीनं चष्मेवाले हात चोळत होते. बाईंनी खिशात हात घातला, आपल्या गाडीची किल्ली काढली आणि तळहातावर ठेवून पुढे केली. मग नेहमीच्या, रोजच्या, जरा करवादलेल्या आवाजात त्या म्हणाल्या, "आधी किल्ली, मग डबा."

चष्मेवाल्यांचा हात आपोआप खिशाकडे गेला. त्यांनी आपली किल्ली काढली, बाईंच्या हातावर ठेवली, बाईंची उचलली आणि खिशात टाकून वरून दोनदा थोपटली. नेहमी थोपटायचे तशीच. चेहऱ्यावर ओळख नव्हती. ते बसले, डबा उघडला, एका ब्रेडमधल्या टोमॅटोच्या चकत्या निवडून स्वतःच्या ब्रेडमध्ये घातल्या आणि बिनटोमॅटोचा बाईंना दिला. बाईंना टोमॅटो चालत नाही. हे त्या दोघांशिवाय फार कुणाला ठाऊक नव्हतं, आणि आता दोघांपैकी एकाला आपल्याला ठाऊक आहे हे ठाऊक नव्हतं. त्यांनी तो खाल्ला, कारण न खाल्लं तर ते विचारतील, आणि विचारलं तर आपण फुटू, याची त्यांना भीती वाटत होती.

डबा संपला तसे चष्मेवाले उठले, काठी घेतली आणि खाली उतरायला लागले. बाईंच्या गाडीच्या दिशेनं. किल्ली बदलली, डबा झाला, आता निघायचं.

बाईंनी त्यांच्या मागोमाग पाऊल टाकलं.

त्या वाटेवर त्यांना ते नेहमी समोरून येतानाच दिसले होते, आधी टोपी, मग खांदे, मग दात. पाठमोरे कधी दिसले नव्हते. ते प्रत्येक पिवळ्या खुणेला काठीनं हलकीच टिचकी मारत होते. ही सवय बाईंना माहीतच नव्हती. उताराला त्यांचा डावा पाय जरा ओढल्यासारखा पडत होता. हे आजचं की जुनंच, हेही त्यांना सांगता आलं नसतं. त्या डोळ्यांत तेल घालून त्यांच्या टाचांकडे बघत चालत होत्या.

एका वळणावर चष्मेवाले थांबले. "तुम्ही तर इकडूनच वर आलात ना?"

"खाली काहीतरी विसरले," बाई म्हणाल्या.

"माझी बायकोही अशीच विसरभोळी आहे," ते म्हणाले आणि पुढे चालू लागले. बाईंनी ओठ दाताखाली दाबून धरला.

उतार संपून रस्ता दिसायला लागला. झाडाखाली बाईंची गाडी उभी होती. चष्मेवाले सरळ तिच्यापाशी गेले, किल्ली काढली आणि दारात घालता घालता तसेच थबकले. त्यांनी गाडीकडे बघितलं, किल्लीकडे बघितलं, मग मागे वळून बाईंकडे.

"अगं," ते म्हणाले. "तू इकडे काय करतेयस?"

बाईंनी गाडीच्या टपाला हात लावला.

"तू तिकडे जायचंस ना?" चष्मेवाल्यांचा आवाज चढला. "माझी गाडी तिकडे राहिली. आता परत तो सगळा फेरा. आणि तुझा अर्धा टप्पा बुडाला तो वेगळाच. खिंडीतून खाली आलो कधी आपण? मला तर डबा खाल्लेलाही आठवत नाही, एवढी कसली घाई केलीस? सगळं त्या दिवसासारखं. तेव्हाही असंच. नंबर तुझा, आणि विसरलीसही तूच."

इतकी वर्षं बाई ज्या एका वाक्यासाठी भांडल्या होत्या ते वाक्य त्यांनी आज स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. त्यांनी ते जिभेवरही येऊ दिलं नाही.

"हो," त्या म्हणाल्या. "नंबर माझाच होता. मीच विसरले."

चष्मेवाले बाईंकडे टक लावून बघत राहिले. मग जवळ आले आणि त्यांनी बाईंच्या कपाळाला हात लावून बघितला.

"तुला बरं नाहीये," ते म्हणाले. आता त्यांचा आवाज खरोखर घाबरलेला होता. "काहीतरी झालंय तुला. चल, आधी डॉक्टरकडे जाऊ."

"हो, आधी डॉक्टरकडेच जाऊ," बाई म्हणाल्या. त्यांनी हात पुढे केला. "किल्ली द्या. गाडी मी चालवते."