खोट्या रेशमाचा वास

“हे झुळझुळीत कापड बाळाच्या अंगावर असेल तेव्हा तिला घेऊन गॅसपाशी उभी राहू नकोस. सुती जळतं, रेशीम करपतं, हे वितळून अंगाला डसतं,” सासूबाई म्हणाल्या होत्या.

सुनेनं या कानानं ऐकलं, त्या कानानं सोडून दिलं. गिळलेलं बटण, पलंगाची कड, साधी शिंक, सगळ्याची धास्ती घेणारी ती. पण कापडाला कोण भ्यायचं? उलट त्याच कापडाचा गाऊन तिनं सासूबाईंसाठी आणला. दुकानदार तर सिल्कच म्हणाला होता!

“सिल्क कसलं!” सासूबाई हसल्या, पण गाऊन अंगावर चढवला. “हौसेनं आणलास ना. माझी काळजी नको, मला आधी वास येतो.”

त्यांची उभी हयात कापडाच्या दुकानात गेली होती. धागा ओढायचा, काडी लावायची, हुंगायचं. जळक्या केसांचा वास आला तर रेशीम, जळक्या कागदाचा आला तर लाकडाच्या लगद्याचं, गोडसर, उग्र आला तर खनिज तेलाचं. दुकानात त्यांना ‘नाक’च म्हणत.

“लोक नाकानं कांदे सोलतात, मी कापड सोललं,” त्या सांगत. “कारखान्यांनी आधी लाकडापासून खोटं रेशीम काढलं, मग खनिज तेलापासून. रेशमाचे किडे सुटले, गिऱ्हाइकं तावडीत सापडली. म्हणून तर मला पगार मिळाला!”

त्या सकाळी बाळाला पाजताना तिला गोडसर, उग्र वास आला. बाळाला तसंच छातीशी धरून ती स्वयंपाकघरात धावली. सासूबाई शांतपणे दूध ढवळत होत्या आणि गाऊनची बाही आक्रसत वर सरकत होती.

“आई, बाही!” तिनं गॅस बंद करून बाही नळाखाली धरली. काठावर काळे, टणक मणी झाले होते. मनगट थोडक्यात वाचलं होतं.

“वास नाही आला?”

“आला की. म्हटलं, दूध लागलं असेल.”

तिनं पातेल्याला हात लावला. दूध अजून कोमटही नव्हतं.

सासूबाई खाली बसल्या. “मागच्या तापापासून नाक गेलंय गं. कुणाला बोलू नकोस. चार माणसं अजून विचारायला येतात.”

आणि संध्याकाळी शिंपीणबाई आल्याच. “नाकवाल्या बाई, एवढं बघा. दुकानदार शपथेवर खरं म्हणतो.”

सासूबाईंनी धागा ओढला, काडी लावली, नाकाशी नेला. डोळे मिटून बसल्या. शिंपीणबाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

बाळाला कडेवर घेऊन सून मागे उभी होती. “ईऽ, केस जळल्यासारखा काय वास सुटलाय हो, आई!”

सासूबाईंनी डोळे उघडले. राख बोटांत चुरली. “खरं आहे,” त्या म्हणाल्या. “बेलाशक शिवा.”

आता त्या स्वयंपाकघरात सुती गाऊन घालतात, आणि ही काही ना काही निमित्त काढून तिथं घुटमळते. तुमच्याही घरी आत्ता कुणी एकटं गॅसपाशी उभं असेल, तर हे वाचणं ठेवा बाजूला, असं तिचं सांगणं आहे. जरा आत डोकावून या. काही विचारू नका. नुसता वास घ्या.