कुंडीची जागा

“सगळे धावपळ करताहेत आणि हा एक म्हातारा नुसता बसून आहे. याला काढला तर काय अडेल, विचारा त्याला,” प्रोफेसर डॉसन म्हणाले.

हे मराठीत कसं विचारायचं? समोर चुलवाण भडकलेलं, त्यावर भलीमोठी काहील, काहिलीत उसाचा रस खदखदतोय. तिच्या काठाला गुंडा गुळव्या, म्हणजे गूळ रांधणारा, मांडी घालून बसलेला. डोक्याला मळकं मुंडासं, गुडघ्यावर लाकडी फळी. मी घसा खाकरला आणि म्हणालो, “गुंडाबा, साहेब विचारतात, तुमचं काम काय?”

“माझं?” म्हातारा हसला. “उतरवा म्हनायचं. बाकी कायबी न्हाई.”

१९४७ सालचा डिसेंबर होता. इंग्लंडातल्या एका विद्यापीठाचे सहा विद्यार्थी आणि हे प्रोफेसर हिंदुस्थानची अर्थव्यवस्था अभ्यासायला आले होते. दीडशे वर्षं राज्य केलं तेव्हा सवड झाली नाही, आता पंधरा दिवसांत उरकायचं होतं. मी सांगलीच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत असे, म्हणून दुभाष्या म्हणून माझी नेमणूक झाली. मला तरी कुठं फार कळत होतं! गूळ होताना मीही त्या दिवशी पहिल्यांदाच पाहत होतो.

कडेगावजवळचं हे गुऱ्हाळ हंबीररावांचं. त्यांचा मुलगा मानसिंग लष्करातून दोन वर्षांपूर्वी परतलेला. तो आम्हाला गाडीरस्त्यापर्यंत घ्यायला आला आणि वाटेतच म्हणाला, “मास्तर, आज जरा देवाचं नाव घ्या. गेल्या हप्त्यात एक आधन करपलं, काहीलभर गूळ वाया गेला. आबा म्हनालं, आनी एक बिघडलं की गुंडाला घरी बशीवनार. नांद्रे गावचा दुसरा गुळव्या सांगून ठिवलाय. तीस वर्सं हाय म्हातारा हितं.”

पाहुण्यांसाठी मानसिंगनं जागा साफ केली होती. चिपाडाचे ढीग मागे सारले होते, काहिलीच्या उजव्या अंगाला सात खुर्च्या लष्करी शिस्तीत एका ओळीत मांडल्या होत्या. खुर्च्यांच्या आड येणारं सगळं, घमेली, फळ्या, पाण्याची कुंडी, त्यानं उचलून डाव्या बाजूला नेलं होतं. चुलवाणापाशी पायताण चालत नाही, म्हणून गोऱ्या मंडळींचे बूट बाहेर रांगेत उभे होते.

विद्यार्थ्यांत मिस कॉलिन्स नावाची एक मुलगी होती. बाकीचे आकडे उतरवून घेत होते, ही वहीत माणसांची चित्रं काढत होती. ती हळूच माझ्याजवळ आली.

“या माणसाला दिसत नाही,” ती म्हणाली.

“कुणाला?”

“या बसलेल्याला. मघापासून मी त्याचे डोळे रेखाटतेय. मी पुढं सरकले, मागं सरकले, ते हलतच नाहीत.”

मला रागच आला. कालची पोर आणि आम्हाला आमची माणसं दाखवते! पण मनात पाल चुकचुकली. मी प्रश्नांचा कागद घेऊन गुंडाच्या पुढ्यात गेलो आणि त्याच्या तोंडासमोर धरून हलवला.

“कागद हलवू नगा, मास्तर,” तो ओठातल्या ओठात म्हणाला. “वारं लागतंय.”

मी कागद खाली घेतला.

“दोन हंगाम झालं. पडदा आलाय दोनी डोळ्यांवर. घरात माझी बायकू तानुबाई सोडली तर कुनाला ठावं न्हाई. रस कसा बोलतोय ते ऐकतो, वास घेतो, आनी पान्यात पाकाची गोळी वळली का ते बोटांत कळतंय. त्या करपल्या आधनाला माझी चूक न्हवती, जाळव्यानं जाळ लय घातला. पन ते म्हनाय गेलो तर नजरंचं निघंल.” त्याचा हात माझ्या धोतराचा काठ चाचपत आला आणि घट्ट धरून राहिला. “आजचं आधन हूं द्या. मग काय बोलायचं ते बोला.”

मी मागे वळलो तर मानसिंग उभा. तो दोन वर्षं इटलीत इंग्रजांबरोबर राहिलेला. मिस कॉलिन्सचं बोलणं त्यानं ऐकलं होतं हे त्याच्या तोंडावरच दिसत होतं. त्यानं एकदा बापाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

हंबीरराव खुर्च्यांमागे उभे राहून मिशीला पीळ देत होते. “सायबांस्नी सांगा मास्तर, आमच्या गुळव्याची नजर म्हंजे नजर. रंग बघून सांगतोय.”

मी सांगितलं. खोटं बोलताना इंग्रजी बरी पडते, तिथं तोंड आपलं वाटत नाही. मिस कॉलिन्सनं मान खाली घातली. डॉसनसाहेबांनी लिहून घेतलं.

रसाचा आवाज बदलला. आधीची खळखळ जाऊन बुडबुडे जाड, जड फुटू लागले. गोड, किंचित खरपूस वास सुटला. जाळव्यानं जाळ कमी केला. चौघे गडी काहिलीच्या कड्यांत दांडे घालून उभे राहिले. आता एक पळ अलीकडे उतरवलं तर गूळ बसत नाही, एक पळ पलीकडे गेलं तर करपतो. सगळे गुंडाकडे पाहत होते.

त्यानं फळी काहिलीत बुडवून वर घेतली. फळीवरचा उकळता पाक बोटांनी निपटला आणि तो गार करून गोळी वळायला त्याच झपाट्यानं हात उजवीकडे पाण्याच्या कुंडीत घालायला नेला.

तिथं कुंडी नव्हती.

हात रिकाम्या जमिनीला लागला. कुंडी डावीकडे होती, मानसिंगनं खुर्च्यांसाठी हलवलेली. पाक बोटांना चिकटून जळत होता. गुंडाचा जबडा आवळला, मानेच्या शिरा ताठ झाल्या. मी धावणार होतो, पण धावलो असतो तर सगळं उघड झालं असतं. डोळस माणसानं कुंडी शोधली असती. यानं शोधली असती तर सगळ्यांसमोर चाचपडला असता.

तो चाचपडला नाही. जळत्या बोटांतच त्यानं पाक चोळला. एकदा, दोनदा. गोळी वळेपर्यंत चोळला.

“उतरवा!”

गड्यांनी काहील उचलली. सोनेरी पाक शेजारच्या वाफ्यात, गूळ निववायच्या उथळ हौदात, ओतला गेला. विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या. हात मुंडाशाच्या शेवात गुंडाळून गुंडा उठला, पावलं मोजत वाफ्याकडे गेला आणि दुसऱ्या हातानं पाक ढवळू लागला.

हंबीररावांनी टाळी वाजवली नाही. गुंडा बसला होता तिथली जमीन ते पाहत होते. तिथं मातीत पाकाच्या चार बोटांचा ठसा होता. मग त्यांनी डावीकडे कुंडीकडे पाहिलं. कुंडी भरलेली होती आणि तिचं पाणी स्वच्छ होतं, त्यात हात बुडालाच नव्हता.

“आबा,” मानसिंग म्हणाला, “कुंडी मी—”

“गप.”

डॉसनसाहेब म्हणाले, “मघाच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. याला काढला तर काय अडेल?” हंबीररावांनी मला विचारलं, “काय म्हंत्यात सायेब?” या वेळी मी जसंच्या तसं सांगितलं.

हंबीररावांनी ओळीतली पहिली खुर्ची उचलून बाजूला ठेवली. साहेब बसले होते ती दुसरी, साहेबांना उठवून. मग गावातला एवढा मोठा माणूस स्वतः वाकला, भरलेली कुंडी दोन्ही हातांनी उचलली आणि उजव्या बाजूला, जुन्या जागी, जमिनीला आवाज होऊ न देता ठेवली.

काहील पुन्हा चुलवाणावर चढली, नवा रस पडला. गुंडा पावलं मोजत परत आला आणि आपल्या जागी बसला. भाजलेला हात त्यानं हळूहळू उजवीकडे नेला, जमिनीला लावून, कुणाला दिसू नये असा. बोटं कुंडीच्या काठाला लागली आणि तिथंच थांबली. मग हात पाण्यात गेला. बराच वेळ तो पाण्यात राहिला.

“मालक,” मान न वळवता गुंडा म्हणाला.

“बोल.”

“उद्यापास्नं मानसिंगला माझ्याजवळ बसवा. मी हाय तवर शिकू द्या.”



“बशीवतो,” हंबीरराव म्हणाले.