पाटलाची जमानत

साखऱ्याहून गोरेगावला जाणारी माझी जीप कोणासाठी थांबत नाही, ही ख्याती मी कष्टाने कमावली होती. सरपंचाच्या मेव्हण्याचा एक पाय आत आणि एक रस्त्यावर असताना मी क्लच सोडलेला आहे. बाजाराच्या दिवशी लोक घरातून निघतानाच पळत निघायचे. ही सगळी इभ्रत तांड्यावरच्या एका म्हशीने धुळीला मिळवली. म्हशीचे मालक भावसिंगकाका.

तांडा माझ्या रस्त्यावरच. तिथली चार-दोन घरं येशूची प्रार्थना करायला लागली होती. दर रविवारी त्यांच्यातल्याच प्रेमदासच्या अंगणात सतरंजी पडायची आणि हिंगोलीहून संतराम पास्टर मोटारसायकलवर यायचे. मी धनगराचा, नाव हनुमान, जीपच्या काचेवर मारुतीचा फोटो. त्या सतरंजीशी माझं काही देणंघेणं नव्हतं. पण जीपवाल्याला सगळ्या घरांतलं कळतं. लोक मागे बसून असे बोलतात, जणू ड्रायव्हर बहिरा आहे.

प्रार्थना संपली की पास्टर एकेकाला विचारायचे, या आठवड्यात शास्त्रात, म्हणजे बायबलात, काय वाचलं. भावसिंगकाका छाती पुढे काढून सांगायचे, आणि पास्टर खूश होऊन मान डोलवायचे. खरी गोष्ट अशी, की सातवी पास झालेल्या या माणसाने शास्त्र स्वतः कधी उघडलंच नव्हतं. वाचायची ती त्यांची बायको, नीलामावशी. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात कंदिलापुढे बसून अक्षरं शिकलेली. ती सकाळी वाचायची, भाकरी थापताना नवऱ्याला सांगायची, आणि नवरा रविवारी तेच स्वतःच्या नावावर खपवायचा. मावशीला याचा राग नव्हता, पण वाईट वाटायचं. एकदा माझ्या शेजारी बसून जाताना ती म्हणाली, "मी सांगते तेवढंच त्यांना माहीत हाय, हनुमाना. उद्या मी न्हाई राहिले त पुस्तक कोनाड्यातच पडून राहीन. त्यांनी एकदा आपणहून उघडावं, एवढंच पायजे मला."

मी म्हटलं, "मावशी, काका सकाळी चहासाठीसुद्धा आपणहून डोळे उघडत न्हाईत." ती हसली, पण मनातून नाही.

आता म्हशीचं. तिचं रेडकू जन्मल्यावर महिन्यातच मेलं आणि ती पान्हा चोरायला लागली. मावशीला दिवसभरात निवांत वेळ तेवढाच, म्हणून ती धारेला जाताना पुस्तक सोबत न्यायची. म्हैस पेंड खाईपर्यंत मावशी तिच्या कुशीला टेकून मोठ्याने वाचायची. हळूहळू झालं असं, की वाचन सुरू झालं की म्हैस पान्हवायची आणि नाही झालं की लाथ झाडायची. तांडा बंजाऱ्यांचा, घरात बोलतात गोरमाटी. मी त्यांचं बोलणं इथे माझ्या भाषेत सांगतोय इतकंच. म्हशीला हाका, दटावणी, शिव्या, सगळं गोरमाटीत मिळायचं. पुस्तकातली संथ मराठी तिच्या कानावर फक्त धारेच्या वेळी पडायची. म्हणजे गोरमाटी ऐकली की मार आणि मराठी ऐकली की पेंड, असा तिचा सरळ हिशोब होता.

हिंगोली जिल्हा होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. दिवाळीनंतर मावशीची लेक रूपा गोरेगावला बाळंत झाली. दुसरं बाळंतपण, सासू वारलेली, म्हणून मावशी निघाली. निघताना तिने मला दम दिला, की रोज सकाळी तांड्यावर जीप उभी करायची आणि दुधाची किटली घेऊन यायची. गोरेगावात दूध मिळत नाही असं नव्हे. पण बाळंतिणीला घरच्या म्हशीचंच पाहिजे. मी लहान असताना या बाईच्या हातची भाकरी खाल्लेली. नाही कसं म्हणणार?

मग ती नवऱ्याकडे वळली. "म्हशीला वाचून दाखवल्याबिगर दूध देणार न्हाई ती. पुस्तकात खूण घातली हाय, तिथून सुरू करा."

काका हसले. "म्हशीला कोणी शास्त्र सांगते का? जा तू बिनघोर."

"किटली बघून मला कळंल," मावशी म्हणाली आणि जीपमध्ये चढली.

दुसऱ्या दिवशी मी पोचलो तेव्हा काका गोठ्यात म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत गोरमाटीत लाडीगोडी लावत होते. लाडीगोडी संपल्यावर शिव्या सुरू झाल्या. म्हशीने लाथ मारली, चरवी लवंडली. मी हॉर्न वाजवला तेव्हा काकांनी तळाशी दूध असलेली किटली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "थंडीनं आखडली असंल."

गोरेगावात मावशीने किटली नुसती उचलली, झाकणसुद्धा उघडलं नाही. "विचार त्यांना, म्हशीला काय वाचून दाखवलं म्हणून."

मी जसाच्या तसा निरोप पोचवला. मला असल्या निरोपांत फार मजा येते. काका चडफडले, पण लेक ओली बाळंतीण, आणि किटली रोज चुगली करणार. त्यांनी कोनाड्यातून पुस्तक काढलं, कानाला दोरी बांधलेला चष्मा लावला आणि आपण कोर्टात साक्ष देतोय अशा चेहऱ्याने सुरुवात केली. एक पान संपायच्या आत म्हैस पान्हवली. त्या दिवशी किटली काठोकाठ भरली.

तेव्हापासून माझी जीप रोज गोठ्यापुढे थांबू लागली. काका अडखळत वाचायचे, मग दूध काढायचे, तोवर आम्ही बसून. पहिले दोन दिवस मी हॉर्न वाजवला, तिसऱ्या दिवशी वाजवायचा राहिला. गोष्ट होती एका पोराची. बापाचा लाडका म्हणून त्याच्या भावांचा जळफळाट झाला, त्यांनी त्याला कोरड्या विहिरीत टाकलं आणि वाटेने जाणाऱ्या व्यापाऱ्यांना विकून टाकलं. माझ्या मागच्या बाकावर साखऱ्याची सुभद्राबाई असायची, गोरेगावला अंडी विकायला निघालेली. ती जीपमधूनच ओरडली, "सख्ख्या भावांनी विकलं? आन बाप काय करून राहिला होता?"

"बापाला रक्त लावलेला अंगरखा दाखवला," काका आतून म्हणाले. व्यापारी सामान लादून जाणारे होते हे मात्र त्यांना खटकलं होतं. आपलेही वाडवडील बैलांवर माल लादून हिंडायचे, पण त्यांनी माणसं कधी विकत घेतली नाहीत, असं त्यांनी म्हशीला आणि आम्हाला बजावून सांगितलं.

मग ते पोरगं परमुलखात एका बड्या माणसाच्या घरी नोकर झालं, मालकिणीने खोटा आळ घेतला आणि ते तुरुंगात गेलं. तिथे त्याच्यासोबत राजाच्या घरचा एक नोकर होता. सुटल्यावर माझं नाव राजाच्या कानावर घाल, असं पोराने त्याला विनवलं, तो सुटला आणि साफ विसरला. तिथे त्या दिवशीचं वाचन संपलं. सुभद्राबाई गोरेगावपर्यंत त्या विसरभोळ्याला शिव्या घालत होती. एका अंड्यालाही त्या दिवशी तडा गेला नाही, कारण मी जीप हळू चालवत होतो. विचारात असलो की माझं असं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही कान देऊन बसलो, तर आतून आवाज आला, "गोणी कोरड्या जागी ठेवावी. गोणी हाताळताना हूक वापरू नये. लहान मुलांपासून दूर ठेवावी."

मी आत डोकावलो. काकांचा चष्मा कपाळावर, पुस्तक कोनाड्यात, आणि वारा अडवायला बांधलेली खताची रिकामी गोणी समोर. तिच्यावरची मोठी अक्षरं वाचायला चष्मा लागत नव्हता. म्हैस डोळे मिटून पान्हवली होती.

"तिला काहीबी चालते, हनुमान," काका डोळा मारून म्हणाले. "मराठी छापील असली की झालं. उगं एवढी बारीक अक्षरं वाचून मी डोळ्याला तकलीफ दिली."

किटली बराबर भरलेली होती. गोरेगावात मावशीने ती दोन्ही हातांनी घेतली आणि तिचे डोळे भरून आले. "इतकी वर्षं सांगून सांगून थकले मी," ती म्हणाली. "म्हशीच्या निमित्तानं का व्हईना, वाचून राहिले म्हणायचे." आतून रूपाच्या लेकराचं रडणं ऐकू येत होतं आणि मला तिथे एक मिनिटसुद्धा उभं राहवेना. खरं सांगून तिचा आनंद घालवावा एवढी माझी छाती नव्हती. काकांचा मात्र असा संताप आला, की परतताना मी एका बैलगाडीवाल्याशी विनाकारण भांडलो.

गोणीचं वाचन चालू राहिलं. मी कुरकुरलो, पण सुभद्राबाई कुरकुरणारी नव्हे. ती जीपमधून उतरून थेट गोठ्याच्या दाराशी गेली. "ते खत ऱ्हाऊ द्या. ते पोरगं जेलातून सुटलं का न्हाई?"

"सुटलं," काका म्हणाले.

"कसं?"

काका धार काढता काढता थांबले. हिंगोलीला जिल्ह्याच्या कचेऱ्या आल्यापासून त्यांना कोर्टाचे शब्द फार आवडायचे. "जमानत झाली."

"कोणी दिली?"

"पाटलानं. चांगला माणूस होता बिचारा. गावाकडचाच."

सुभद्राबाईच्या जिवाला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की गोरेगावात उतरल्यावर ती अंडी तशीच ठेवून माझ्या मागोमाग रूपाच्या घरी आली आणि मावशीला म्हणाली, "नीलाबाई, तुमच्या शास्त्रातल्या त्या पाटलाचं भलं व्हवो. त्यानं जमानत दिली म्हणून पोरगं सुटलं."

मावशी किटली हातात धरून उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान वर करून पत्र्याच्या छपराची पाहणी करू लागलो. तिने किटली खाली ठेवली, पदर तोंडाला लावला, आणि ती रडते की काय म्हणून मी घाबरलो. खांदे हलत होते. मग कळलं, की ती हसतेय. पण पदर काढला तेव्हा हसू संपलेलं होतं, आणि चेहरा जीपमध्ये माझ्याशी पुस्तकाबद्दल बोलली होती तेव्हाच्यासारखा झाला होता.

"त्यांना माझा निरोप सांग," ती म्हणाली. "म्हणावं, पाटलाचं नाव काय होतं तेवढं बघून सांगा. रूपाला लेकराचं तेच नाव ठेवायचं हाय."

हा निरोप सांगताना मी जीप बंद केली, खाली उतरलो आणि एकेक शब्द सावकाश उच्चारला. काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "लेकराचं नाव?"

"व्हय. बारसं जवळ आलं म्हणे."

"मग आता?"

"आता काय? बघा शास्त्रात. पाटील हाय म्हणता त नावबी असंलच."

दुसऱ्या दिवशी मी पोचलो तेव्हा धार निघालीच नव्हती. म्हैस सड भरून उभी, दुधाचे थेंब आपोआप गळत होते, आणि काका उपड्या टोपलीवर बसून चष्म्याच्या काचा पुस्तकाला टेकवून वाचत होते. मनातल्या मनात नाही, मोठ्यानेच. त्यांना दुसरं येतच नव्हतं. मी खाकरलो. त्यांनी वर न बघता हात केला. जीपमधले लोक खाली उतरले. कोणीतरी म्हणालं, उशीर होतोय. सुभद्राबाईने त्याला गप्प केलं.

राजाला स्वप्न पडलं होतं. मग त्या विसरभोळ्याला आठवण झाली, पोराला तुरुंगातून काढून दाढी करून राजापुढे उभं केलं, आणि बघता बघता ते पोरगं मुलखाचा कारभारी झालं. मग दुष्काळ पडला आणि धान्य मागायला कोण आलं, तर तेच भाऊ. ते काही त्याला ओळखेनात. काकांचा आवाज बसला होता. त्या कारभाऱ्याने आतल्या खोलीत जाऊन डोळे पुसले, तोंड धुतलं आणि बाहेर येऊन जेवण वाढायला सांगितलं, हे वाचताना काकांनी स्वतःचा चष्मा काढून धोतराला पुसला. बराच वेळ पुसला.

"पाटील?" मी विचारलं.

"न्हाई सापडला अजून," ते म्हणाले.

सुभद्राबाईने स्वतः गोठ्यात शिरून म्हशीची धार काढली. त्या दिवशी गोरेगावला पोचायला आम्हाला इतका उशीर झाला, की मी कोणाकडून भाडं मागायची हिंमत केली नाही.

किटलीसोबत काकांनी निरोप दिला होता, "तिला सांग, पाटील नव्हता. मी खोटं बोललो. गोणीचंबी सांगून टाक." मी गोणीचंही सांगितलं. मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि किटली आत नेऊन ठेवली. लेकराचं नाव तिने पास्टरांशी बोलून आधीच ठरवलं होतं, हे मला मागाहून कळलं.

ती परत आल्यावर वाचन आणि धार दोन्ही तिच्याकडे गेली, आणि काका पुन्हा चहासाठीसुद्धा डोळे उघडेनात. मी मनात म्हटलं, संपलं. गरज होती तोवर वाचलं. माणसाचं असंच असतं, म्हशीला तरी कशाला हसायचं? उन्हाळा लागला, म्हैस गाभण होती, ती आटली. गोठ्यात पहाटे जायचं कोणाला कारण उरलं नाही.

त्याच दिवसांत काकांना विहिरीवरच्या मोटारीचा सुटा भाग आणायला गोरेगावहून पुढे हिंगोलीला जायचं होतं. मी सकाळी तांड्यावर जीप लावली आणि हॉर्नवर हात ठेवला, तोच अंगणातून मावशीने मला ओठावर बोट ठेवून थांबवलं. गोठ्यातून वाचायचा आवाज येत होता. अडखळत, संथ, पुस्तकी मराठीत. आटलेली म्हैस रवंथ करत होती. तिला या सगळ्यातून काही मिळणार नव्हतं आणि तिच्याकडूनही कोणाला काही मिळणार नव्हतं.

"कधीपासून?" मी हळूच विचारलं.

"आटली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून," मावशी म्हणाली. "मला वाटलं, आता पुस्तक आपल्या एकटीचं. उठून बघते त कोनाडा रिकामा." ती भिंतीला टेकून उभी होती. एवढी सुखी मी तिला आधी कधी पाहिली नव्हती, आणि ते सुख तिने लपवलंही नाही.

मी जीपचं इंजिन बंद केलं.

बऱ्याच वेळाने काका चष्मा खिशात घालत बाहेर आले. आम्ही सगळे गोठ्याकडे तोंड करून बसलेलो पाहून ते ओशाळले. मावशीने पदर सावरत अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "सापडला का पाटील?"

"बघून राहिलो," काका म्हणाले आणि जीपमध्ये चढले. "पुस्तक लई मोठं हाय."