एका इंचटेपचा सूड

मित्रांनो, मी शिंप्याच्या गळ्यातली इंचटेप आहे. वय तीस वर्षं, लांबी एकोणसाठ इंच. बाजारात टेप साठ इंचांची मिळते हे मला ठाऊक आहे. माझा एक इंच कुठे गेला ते सांगतेच. पण आधी एक कबुली देते. आत्मवृत्त सांगणाऱ्या वस्तूंनी सोशिक असावं अशी पद्धत आहे. छत्री फाटते आणि क्षमा करते, खुर्ची मोडते आणि वर आशीर्वाद देते. मला ते जमलेलं नाही. मी सूड घेतला, आणि त्याचं मला अजून तरी वाईट वाटलेलं नाही.

मास्तरांनी दुकान उघडलं त्याच दिवशी मला आणलं. दुकान म्हणजे एक खोली, दोन मशिनी, कापड कापायचं एक लांब टेबल आणि मला टांगायला दाराजवळ एक खिळा. पहिली दहा वर्षं माझं मजेत गेलं. गावातल्या प्रत्येक माणसाचं पोट मला पाठ होतं, आणि ते मी कधी चारचौघांत बोलले नाही. मग माझं सुरुवातीचं टोक झिजलं, दोरे लोंबायला लागले. मास्तरांनी पहिला इंच कात्रीनं उडवला आणि पितळी पत्रा पुन्हा ठोकून बसवला.

"बाबा, नवी घ्या की," त्यांची थोरली मुलगी म्हणाली. तिला सगळे ताईच म्हणत.

"हिला माझा हात कळतो," मास्तर म्हणाले. विषय संपला.

तेव्हापासून छत्तीसची छाती माझ्यावर सदतीस दिसू लागली. मास्तर मनातल्या मनात एक वजा करत आणि मोठ्यानं "छत्तीस" म्हणत. पुढे कापड ताई कापायची, टेबलावरच्या लाकडी पट्टीनं, म्हणजे तिला खरे आकडेच लागत. माझे पहिले चार-पाच आकडे मास्तरांच्या अंगठ्यानं कधीच पुसले होते, त्यामुळे माझं हे व्यंग बाहेरच्या कुणाला दिसायचं नाही. ते तिघांना माहीत होतं: मास्तर, ताई आणि मी.

दुकानातले चौथे होते चिरंजीव. ताईचा धाकटा भाऊ. वहीत मापं लिहून घेणं आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलणं ही त्यांची दोन खाती. बारा वर्षांत त्यांनी मला कुणाच्या अंगाला लावलं नाही, कारण "लोकांना घाम फार येतो." मास्तर आकडा सांगत, चिरंजीव लिहीत. वजाबाकी आधीच झालेली असायची. ती होते, याचा त्यांना पत्ताच नव्हता.

एकदा ते कुणाबरोबर तरी दोन दिवस एका मोठ्या शहरात जाऊन आले आणि घर त्यांना अपुरं पडायला लागलं.

"ताई, तिथं दुकानांना दार नसतं. काच असते. जवळ गेलं की आपोआप सरकते."

"मग बंद कशी होते?"

"आपोआपच."

"म्हणजे दार असतंच की रे."

"तुला नाही कळायचं."

समोर सायकलवाल्याच्या बाकावर चिरंजीवांचे चार मित्र रोज बसत. चिरंजीव कायमचे शहरात निघाले तेव्हा त्यांनी निरोप देताना एकच अट घातली. "जातोस तर जा. पण तिकडून फोन करून 'तुम्ही अजून तिथंच का रे' असं विचारायचं नाही." चिरंजीवांनी गळ्याची शपथ घेतली. शपथ चार दिवस टिकली.

निघायच्या सकाळी मास्तर आत दाढी करत होते. चिरंजीवांनी इकडेतिकडे पाहिलं, मला खिळ्यावरून उचललं आणि बॅगेत कोंबलं. बाबांची आठवण म्हणून नव्हे. नवी टेप गळ्यात घातली की माणूस नवखा दिसतो, जुनी घातली की कारागीर वाटतो, एवढाच हिशेब. तीस वर्षांची सोबत त्यांनी मोज्यांच्या जोडीखाली ठेवली. त्या मोज्यांखालीच मी ठरवलं की याला सोडायचं नाही.

शहर छानच होतं, खोटं कशाला बोलू? रुंद फूटपाथ, आणि चिरंजीवांना नोकरी लागली त्या कोटांच्या दुकानात एवढा थंडावा की गिऱ्हाइकांना घामच येत नसे. तिथं त्यांचं काम माप घेऊन आकडे चिठ्ठीवर लिहिण्याचं. चिठ्ठी तळघरात जाई, तिथले कटर आपापल्या टेपनं कापड कापत. मालकीणबाईंनी सांगितलं होतं, "तीन महिने बघू. माप चुकलं की सुट्टी." मला आणखी काय हवं होतं? माझं काम फक्त गप्प राहण्याचं होतं. हाकललं की मुकाट घरी येईल, आणि मी माझ्या खिळ्यावर.

पहिलं गिऱ्हाईक एक दातांचे डॉक्टर. मी त्यांच्या छातीला अडतीसऐवजी एकोणचाळीस म्हणाले, बाही इंचभर वाढवली, खांदे इंचभर वाढवले. चिरंजीवांनी झोकात सगळं लिहून घेतलं. आठवड्यानं कोट आला. खांदे ओघळलेले, बाह्या बोटांपर्यंत. मालकीणबाईंनी डॉक्टरांभोवती एक फेरी मारली.

"माप कुणी घेतलं?"

चिरंजीवांनी कॉलरचं बटण सोडलं ते मला जाणवलं, कारण मी तिथंच होते. काय सुख होतं, मित्रांनो!

"किती सुरेख सोडलाय," बाई म्हणाल्या. "श्वास घेतोय कोट!"

डॉक्टर आरशात बघून म्हणाले, "मी बारीक झालोय का हो?"

तीन महिन्यांची नोकरी तिथंच कायमची झाली. त्या शहरात धड चूकही करता येत नाही. केली की तिची फॅशन होते. पुढच्या महिन्याभरात वकील, वास्तुविशारद आणि एक निवृत्त न्यायाधीश, असे सगळे थोरल्या भावाचे कपडे घालून आल्यासारखे त्या दुकानातून बाहेर पडले, तेही खुशीत. चिरंजीव फोनवर मित्रांना सांगत, "टेप काय, कुणीही धरतं. नजर असावी लागते." मी त्यांच्या गळ्यात लोंबत ऐकत होते. सूड घ्यायला गेले आणि बढती देऊन बसले.

मग एका दुपारी ताईचा फोन आला.

"बाबांची टेप तुझ्याकडे आहे का रे?"

"का गं?"

"नवी आणली, पण त्यांचं जमेना. शर्ट घट्ट होताहेत लोकांचे. पोस्टमास्तरांचं बटण काल बँकेत उडालं, कॅशियरच्या कपाळाला लागलं. लोक हसतात रे आता. चार घरं दुसऱ्या शिंप्याकडे गेली."

मला कळलं. मास्तर आता साठ इंचांच्या धडधाकट टेपमधूनही एक वजा करत होते. वीस वर्षांची हाताची सवय. सांगून थोडीच जाते? नंतर ताईच्या तोंडून ऐकलं, ती टोकायची तर ते म्हणायचे, "मी कुठं वजा करतो?" तिनं आपण होऊन एक वाढवून कापलं, तर नेमकं त्याच दिवशी त्यांना वजा न करायचं आठवलेलं असे, आणि पँट गिऱ्हाइकाच्या कमरेवर थांबत नसे.

"आहे का तुझ्याकडे?" ताईनं पुन्हा विचारलं.

चिरंजीवांनी मला बोटाभोवती गुंडाळलं. "नाही गं. तिथंच कुठं तरी पडली असेल. नीट बघ."

मित्रांनो, चोरी मी एक वेळ विसरले असते. पण मी गळ्यात असताना मला "नाही" म्हणणं! त्या दिवसापासून माझा राग दोन हात लांब झाला.

पुढच्याच आठवड्यात काच सरकली आणि मास्तर आत आले. हातात कागदात बांधलेला शर्ट. लेकासाठी शिवलेला. दार मागे आपोआप बंद झालं ते त्यांनी वळून पाहिलं, आणि मग त्यांची नजर माझ्यावर पडली. माझ्या पितळी पत्र्यावरचे हातोडीचे दोन ठोके त्यांचेच होते.

"सापडली वाटतं," मास्तर म्हणाले.

चिरंजीवांनी मला हातानं झाकलं. तेवढ्यात मालकीणबाई आल्या. "तुम्ही वडील? अहो, मुलाच्या हाताला देणगी आहे!"

मास्तरांनी समोर उभ्या गिऱ्हाइकाचे ओघळलेले खांदे पाहिले. त्यांना सगळा प्रकार क्षणात उमगला. एका वाक्यात सांगून टाकता आला असता. ते म्हणाले, "हो, दिसतेय."

मग त्यांनी लेकाच्या गळ्यातून मला काढलं, आपल्या गळ्यात घातलं, शर्ट त्याच्या हातात दिला. "घालून बघ." शर्टाचं एकही बटण लागेना. "घट्ट झाला का?" मास्तरांनी विचारलं. "टेप नव्हती ना." आणि ते निघाले. मी चिरंजीवांचा चेहरा बघितला आणि माझं पोट भरलं.

बाकीचं ऐकून माहीत आहे. चिरंजीवांनी नवी टेप घेतली, मापं अगदी बरोबर आली, आणि कोट अंगाला चपखल बसू लागले. मालकीणबाई म्हणाल्या, "असा कोट तर कुठंही मिळतो! नजर कुठं गेली तुमची?" आता त्यांना तळघरात बटणं लावायला बसवलंय. इकडे मास्तर पुन्हा मनात एक वजा करतात आणि शर्ट बिनबोभाट बसतात. पोस्टमास्तर परत आले. बाकीची घरं अजून यायची आहेत.

परवा दुकानातला फोन वाजला.

"बाबा, त्या टेपमध्ये असं काय होतं?"

"ये, दाखवतो."

"फोनवर सांगा ना."

"फोनवर माप घेता येत नाही."

मग पलीकडून आवाज आला, "रविवारी येतो." मास्तरांनी फोन ठेवला आणि ताईला वरच्या फळीवरचं निळं कापड काढायला सांगितलं.

मित्रांनो, आवडीच्या शहरात खुशाल जा. आमच्यासारख्यांनी कुणाला अडवलंय? पण जाताना घरातून काही उचलाल तर विचारून उचला, मागे कुणाचा हात त्यावाचून अडतो ते बघा, आणि जवळ असलेल्याला नाही म्हणू नका. माणसं माफ करतात. मास्तरांनी करून टाकलंय, कापडावरूनच दिसतंय. मी केलेलं नाही.

रविवारी माप माझ्यानंच घेतील. शर्टाच्या मापात गळाही येतो. मी वाट बघतेय.