आरशाभोवतीच्या बाया

लिंगायत वाण्याच्या घरात जन्मून मन्मथनं तागडी सोडली आणि पटाशी धरली, तेव्हाच भाऊबंदांनी त्याला ओवाळून टाकलं होतं. लातूरच्या बाजारात, गंजगोलाईच्या मागं, त्याचं चौकटींचं दुकान. देवांच्या तसबिरी, रुखवताचे आरसे, निवडणूक आली की पुढाऱ्यांचे फोटो. कुठलाही पक्ष निवडून येवो, चौकट ह्याचीच.

लातूर जिल्हा झाला आणि गावाच्या अंगात आलं. जो तो फेटा बांधून फिरू लागला. सत्कार समिती निघाली, तिचे अध्यक्ष अण्णाराव पाटील. नव्या कचेरीला गावातर्फे सागवानी कोरीव आरसा द्यायचा, असं त्यांनी ठरवलं. "पुरुषभर उंच पायजे. चौकटीवर जिल्ह्याचं वैभव दिसलं पायजे," एवढं सांगून ते गेले. आता वैभव म्हटल्यावर शहाण्या माणसानं डाळीची गिरणी कोरावी, करडईची फुलं कोरावी. मन्मथला आठवलं बहात्तर साल.

त्या दुष्काळात तो आणि त्याची आई नागम्मा पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होते. शेजारी एक बाई असायची, पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. नाव सांगायची साखराबाई. नाव खोटं आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. मोठ्या घरच्या बाया तेव्हा आपलं गाव टाळून लांबच्या कामावर जात, तोंड झाकून घेत, आणि कोणी त्यांना 'कुणाच्या गं तुम्ही' असं विचारत नसे. त्या साली माणसांनी एकमेकांची एवढी तरी अब्रू राखली. नागम्मा तापानं पडली तेव्हा ह्या बाईनं आपला ढीग फोडून तिचाही फोडला, वाटणीला आलेली सरकारी सुकडी तिच्या ओच्यात घातली. आई त्या बाईमुळं वाचली. काम बंद पडलं आणि बाई गेली. मन्मथनं ना तिचं तोंड पाहिलं, ना तिच्या पाया पडला. ही रुखरुख त्याला दहा वर्षं खात होती.

म्हणून आरशाच्या चारी बाजूंनी त्यानं बाया कोरल्या. कुणाच्या डोक्यावर पाटी, कुणाच्या पाठीला पोर. आणि वर मधोमध, जिथं लोक गणपती बसवतात तिथं, हातोडा उगारलेली साखराबाई, तोंडावर पदर घेतलेली.

अण्णाराव जीपमधून बघायला आले. बघितलं आणि भडकलेच.

"आनंदाचा दिवस, अन् तुम्ही दुष्काळ टांगून राहिले? सगळ्या बाया काढा."

"मालक, साहेबलोक टोपी नीट कराया ह्याच्यापुढं हुबं राहनार," मन्मथ म्हणाला. "आपल्या भवती कोन हाय, ते दिसू द्या की त्येंला."

"शिकवू नका मला. अन् वरचीचा हातोडा डाव्या हातात कामून? आरसा म्हून उलटी केली का काय?"

"न्हाई जी. ती बाई डावखुरीच व्हती. साखराबाई नाव सांगायची. माझी माय तिच्यामुळं वाचली. बाकीच्या काढा म्हनलात तर काढतो, पर तिला हात लावनार न्हाई."

अण्णाराव एकदम जवळ सरकले. कामाचं गाव कुठलं, ती बाई कितीक महिने होती, एवढंच त्यांनी हलक्या आवाजात विचारलं. मन्मथनं सांगितल्यावर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या बाया. सगळ्या ऱ्हाऊ द्या. फकस्त ती वरची काढा. आत्ता, माझ्यासमोर."

मन्मथ चक्रावला. घडीभरापूर्वी सगळ्या नकोत, आता एकच नको, आणि तीही नेमकी हीच! त्याला रागही आला आणि रडूही. नाही म्हणावं तर आरसाच परत, म्हणजे बाकीच्या बायाही गेल्या. त्यानं पटाशी उचलली, पण हात पुढं जाईना.

तेवढ्यात अण्णारावांच्या आई तुळजाबाई दारात आल्या. जीपमध्ये बसून बसून उन्हानं जीव कासावीस झाला होता, त्यात लेकाचं 'काढा, काढा' बाहेरपर्यंत ऐकू येत होतं. मन्मथची बायको शिवगंगा लगबगीनं पाणी घेऊन आली. तुळजाबाईंनी पेल्याला डावा हात घातला आणि लगेच, त्या हातासाठी लहानपणापासून रट्टे खाल्लेल्या माणसानं घ्यावा तसा, पेला उजव्या हातात घेतला.

मन्मथनं तो हात ओळखला. पटाशी खाली ठेवून तो त्यांच्या पायांवर वाकला.

तुळजाबाईंची नजर त्याच्यावरून आरशावर गेली, आणि तिथून वर.

"नागम्माचा पोरगा का रं तू?" त्यांनी विचारलं. "हाय का माय?"

"हाय जी. रोज नाव काढती तुमचं."

"आई, जीपीत बस चल," अण्णाराव म्हणाले. "गावाला कळलं तर—"

"काय कळंल? तू औरंगाबादेत वकिली शिकत व्हतास. हिरीला पान्याचा ठनठनाट. मी माहेरी गेले म्हून तुज्या बापानं गावाला सांगितलं, अन् मी बी तेच सांगत आले. तवा सासऱ्याची लाज व्हती, बाबा. आता सासरा बी न्हाई अन् नवरा बी न्हाई. मंग कुणाला काढाया सांगून राहिलास?"

अण्णारावांनी मान खाली घातली. मग ते मागं सरकले ते थेट दारापर्यंत.

तुळजाबाई स्टुलावर बसल्या. "अप्पा," त्या मन्मथला म्हणाल्या, "त्या पदराखाली लाकूड हाय का शिल्लक?"

"हाय जी. नाक-डोळे निघत्याल एवढं हाय."

"मंग पदर काढ तिचा. मपलं तोंड कर तितं." आणि त्यांनी डोईवरचा पदर मागं सारला.

मन्मथनं बारीक पटाशी निवडली, शिडीवर चढला आणि वळून बघितलं. तोंड नीट दिसत नव्हतं. दारात अण्णाराव उभे होते, सगळा उजेड त्यांनी अडवला होता.

"मालक," मन्मथ म्हणाला, "जरा बाजूला व्हता का? आईसाहेबांचं तोंड दिसून न्हाई राहिलं."

अण्णाराव बाजूला झाले.